श्वासाची मोजदाद

‘ऊर्ध्व लागला’ हे दोन शब्द ज्या घरांत एकदां उच्चारले गेले, त्या घरांत पूर्वीं वैद्याला बोलावण्याची घाई कोणी करीत नसे. देवघरांतील गंगेचा गडू खालीं उतरविला जाई, तुळशीचें पान शोधलें जाई, आणि परगांवच्या मुलाला तार करण्यासाठीं कोणी तरी धांवत सुटे. माणूस अजून श्वास घेत असे. पण घरच्या मंडळींच्या लेखीं त्याचा प्रवास सुरू झालेला असे. मराठी भाषेंत श्वासाच्या दुःखासाठीं शब्दांची वाण नाहीं. दम लागतो, धाप लागते, छातींत घरघर सुरू होते, जीव घुसमटतो, तान्ह्या मुलाचें पोट उडूं लागतें. आणि सर्वांत शेवटीं ऊर्ध्व लागतो. हे शब्द ओळीनें मांडून पाहिले तर ध्यानांत येतें कीं, ती एक चढती श्रेणी आहे. आपल्या आजीपणजींनीं कोणत्याही यंत्रावांचून केलेली श्वासाची ती मोजदादच होय. प्रश्न एवढाच उरतो कीं, मोजून झाल्यावर पुढें काय? ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळें उत्तर मिळालें, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेंच उत्तर आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु ठाणें-कल्याणच्या परिसरांत राहणाऱ्या माणसाला गेल्या कांहीं वर्षांनीं ह्या बाबतींत जें दाखविलें, त्याकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिल्यावांचून राहवत नाहीं.

‘ऊर्ध्व’ हा शब्द लोकांनीं वैद्यांकडून घेतला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांचीं वर्णनें वाचतांना ग्रंथकारानें रोग्याच्या उशाशीं किती रात्री काढल्या असतील, असा विचार मनांत येतो. तमक म्हणजे बहुतांशीं आजचा दमा. ह्या रोग्याला आडवें पडवत नाहीं, उठून बसलें कीं बरें वाटतें. ऊन ऊन पदार्थ त्याला हवेसे वाटतात. आभाळ भरून आलें, गारठा पडला किंवा पूर्वेचा वारा सुटला कीं त्याचें दुखणें बळावतें. छिन्नश्वासांत श्वास मध्येंच तुटतो. ऊर्ध्वश्वासांत बाहेर पडणारा श्वास लांबत जातो, आंत घेववत नाहीं, आणि दृष्टि वर लागते. आजचा डॉक्टरही ह्या निरीक्षणांत फारशी चूक काढणार नाहीं. परंतु त्या निरीक्षणाचा शेवट कशांत होत असे? क्षुद्रश्वास साध्य, तमक याप्य म्हणजे सांभाळून नेण्याजोगा, आणि उरलेले तीन प्राणघातक, असा निवाडा होई. कोणत्या घरच्या उंबरठ्यावरून परत फिरावयाचें हें वैद्याला त्यावरून कळे. ह्यांत वैद्याला दोष देण्याचें कारण नाहीं. हातांत उपाय नसला म्हणजे उत्तमांतलें उत्तम निदानही भविष्यकथनच ठरतें.

युरोपची स्थितिही फार निराळी नव्हती. इंग्लंडांतील सर जॉन फ्लॉयर हा वैद्य स्वतः दमेकरी होता. त्यानें १६९८ सालीं दम्यावर ग्रंथ लिहिला, आणि नाडी मोजण्यासाठीं खास एक मिनिटाचें घड्याळ करवून घेऊन १७०७ सालीं त्याविषयीं दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १८१६ सालीं पॅरिसमध्यें लेनेक यानें कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि तींतून आजची स्टेथॉस्कोपची नळी जन्मास आली. फुप्फुसांत काय चाललें आहे तें आतां कानाला ऐकूं येऊं लागलें. परंतु ऐकून झाल्यावर डॉक्टरच्या पिशवींत द्यावयास काय असे? दम्यावर धोतऱ्याचीं सुकीं पानें चिलमींत घालून ओढण्याचा उपाय तर इंग्रजांनीं आपल्याकडूनच, मद्रासेहून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नेला होता. मोजण्याची व ऐकण्याची विद्या पुढें गेली. वांचविण्याची विद्या शंभर वर्षें मागें रेंगाळली.

हें अंतर आपल्या परिसरांत प्रथम ढळढळीतपणें दिसलें तें आगगाडीच्या रुळांवर. १६ एप्रिल १८५३ रोजीं गाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली. पुढें कसाऱ्याचा आणि बोरघाटाचा असे दोन्ही मार्ग कल्याणाहून फुटले, आणि मुंबईहून देशावर जाणाऱ्या माणसाला हें स्टेशन चुकविणें अशक्य झालें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. आणि कल्याणच्या फलाटावर उतारूंना खालीं उतरवून त्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. अंगांत ताप आहे काय, काखेंत अथवा जांघेंत गांठ आहे काय, हें पाहावयाचें, आणि संशय आला कीं माणसाला तेथेंच अडकवून ठेवावयाचें. ही आपल्या भागांतील पहिली मोठी सार्वजनिक रोगतपासणी म्हणतां येईल. पण ती रोग्यासाठीं नव्हती, गाडी पुढें ज्या गांवांना जाणार होती त्या गांवांसाठीं होती. शिवाय तिची नजर गांठीवर होती. त्याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील प्रा. चाइल्ड यांनीं प्लेगचा एक प्रकार थेट फुप्फुसांत होतो हें दाखवून दिलें. त्या रोग्याच्या अंगावर गांठ नसते. असतो तो केवळ खोकला, रक्ताळलेली थुंकी आणि वाढत जाणारी धाप. सर्वांत संसर्गजन्य आणि सर्वांत घातक असा हाच प्रकार. आणि गांठ चांचपडणाऱ्या बोटांना तो सांपडण्यासारखा नव्हता. लोकांच्या मनांत त्या तपासणीविषयीं जो तिटकारा राहिला, त्याचें कारण केवळ सोवळें-ओवळें नव्हे. जो हात अंग चांचपतो त्या हातांत औषध नाहीं, बेडी आहे, हें त्यांना दिसत होतें.

वीस वर्षांनीं, १९१८ च्या जूनमध्यें, इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदींत उतरला, आणि दुसऱ्या लाटेंत सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यानें कहर केला. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबई इलाख्यांत बळी पडलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरांत गेली. हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली असें जनगणनेच्या इतिहासांतील एकच दशक आहे, आणि तें १९११ ते १९२१ हें होय. हा रोगही ह्याच रुळांवरून घाट चढून देशभर गेला. माणसें मेलीं तीं मुख्यतः न्यूमोनियानें; ओठ व नखें निळीं पडत, आणि कांहीं दिवसांतच खेळ आटोपे. श्वास कोंडलेल्याला प्राणवायु कसा द्यावा हें विलायतेंत हॉल्डेन यानें १९१७ सालीं, महायुद्धांतील विषारी वायूनें होरपळलेल्या सैनिकांच्या निमित्तानें, सांगितलें होतें. पण ती विद्या कल्याणच्या चाळीपर्यंत पोंचण्यास अद्याप अवकाश होता. न्यूमोनियावरील सल्फाचें औषध १९३८ सालचें, आणि पेनिसिलिन त्यानंतरचें. १९१८ सालीं गल्लोगल्लीं हिंडणाऱ्या स्वयंसेवकांनीं दूध, कांजी व पांघरुणें वांटलीं. त्यांच्यापाशीं देण्यासारखें तेवढेंच होतें.

मोजणाऱ्या आणि वांचविणाऱ्या हातांची गांठ खऱ्या अर्थानें पडली ती १९५२ सालीं, डेन्मार्कच्या राजधानींत. कोपनहेगनच्या ब्लेगडाम इस्पितळांत त्या वर्षीं पोलिओची भयंकर सांथ येऊन आदळली. श्वासाचे स्नायु लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकीं २७ तीन आठवड्यांत दगावले. इस्पितळापाशीं लोखंडी फुप्फुसाचें यंत्र एक, आणि छातीला बांधावयाचीं लहान यंत्रें सहा. रक्ताची परीक्षा होत होती, पण तिचा अर्थ उलटा लावला जात होता. रक्तांत सांठलेला कर्बवायु हा श्वास अपुरा पडल्याचा पुरावा आहे, हें ब्योर्न इब्सेन ह्या भूल देणाऱ्या डॉक्टरनें ओळखलें. २७ ऑगस्ट रोजीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र करून, नळी बसवून, रबरी पिशवी हातानें दाबून त्यानें तिला श्वास दिला, आणि मरणाच्या दारांतली मुलगी परत फिरली. मग वैद्यकाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसले आणि आठवडेच्या आठवडे हातांनीं पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. आजचे सगळे अतिदक्षता विभाग ह्या घटनेची संतति आहेत. त्यांतील लकलकणारीं यंत्रें पाहून आपण दिपून जातों. परंतु त्या यंत्रांचा मूळपुरुष म्हणजे उशाशीं बसलेला एक विद्यार्थी आणि त्याचा हात, हें विसरतां कामा नये.

परंतु कोपनहेगनला इस्पितळ होतें, विद्यार्थी होते. जेथें इस्पितळच नाहीं तेथें काय करावें? ह्या प्रश्नाचें जगाला मान्य झालेलें एक उत्तर आपल्या महाराष्ट्रांतच, गडचिरोलीच्या अरण्यांत मिळालें, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतून जितक्या अभिमानानें सांगितली जावी तितकी सांगितली जात नाहीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ‘सर्च’ ह्या आपल्या संस्थेच्या द्वारें तेथें बालमृत्यूंची पाहणी केली, तेव्हां न्यूमोनिया हा मुलांचा एक प्रमुख काळ असल्याचें दिसून आलें. पोट उडूं लागलेल्या मुलाच्या पोटावर तापल्या सळईनें डाग देण्याची चाल आपल्या डोंगराळ भागांतून होती. ती क्रौर्यांतून आलेली नव्हती, निरुपायांतून आलेली होती. तत्पूर्वींच पापुआ न्यू गिनी येथें फ्रँक शॅन ह्या बालवैद्यानें असें दाखविलें होतें कीं, नळी किंवा क्षकिरणांचें चित्र नसलें तरी नुसता श्वासाचा वेग मोजून आणि बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जातो काय हें पाहून मुलाचा न्यूमोनिया ओळखतां येतो. दोन महिन्यांच्या आंतील अर्भकाचे श्वास मिनिटास साठ किंवा अधिक, आणि वर्षाच्या आंतील मुलाचे पन्नास किंवा अधिक झाले, कीं धोका समजावा.

पण साठापर्यंत मोजणार कोण? खेड्यांतील सुइणींना दहाच्या पलीकडे मोजण्याची संवय नव्हती. ह्या अडचणींतून बंग दांपत्यानें एक साधें साधन तयार केलें. एका फळीवर मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक अर्भकांसाठीं, दुसरी थोराड मुलांसाठीं. घड्याळ उलटें करावयाचें आणि मुलाच्या पोटाकडे पाहत राहावयाचें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याला हात पोंचला तर न्यूमोनिया झाला असें समजावयाचें. आणि खरें महत्त्व ह्याच्या पुढच्या क्रियेला आहे: त्याच सुइणीच्या पिशवींत औषध होतें, आणि तें तिनेंच, तेथेंच, द्यावयाचें होतें. हा प्रयोग १९८८ सालीं सुरू झाला आणि त्याचा वृत्तांत १९९० सालीं ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु शेजारच्या गांवांच्या मानानें शेकडा ५४ नें कमी झाले. उपचार मिळालेल्या मुलांत शेकडा एकाहूनही कमी मूल दगावलें. उपचाराविना राहिलेल्या गांवांत तेंच प्रमाण शेकडा साडेतेरा होतें. पुढें ह्याच गांवांतील ‘आरोग्यदूत’ स्त्रियांनीं जन्मतः न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळांना पिशवी आणि मुखवटा यांच्या साह्यानें श्वास देण्याची विद्या आत्मसात् केली. घरोघरच्या ह्या नवजात-सेवेनें अर्भकांचे मृत्यु शेकडा ६२ नें घटले, असें १९९९ सालच्या दुसऱ्या वृत्तांतांत नमूद आहे. २०११ सालीं केंद्र सरकारनें घरोघर जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचें काम देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्तींकडे सोंपविलें. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर बाळंतिणीच्या घरीं जाणारी आशा ही त्या गडचिरोलीच्या सुइणीची वारसदार आहे.

चरकाच्या काळच्या वैद्याला जें दिसलें तेंच ह्या सुइणीला दिसलें. फरक पाहण्यांत नव्हता. एकाचें मोजणें निवाड्यांत संपलें, दुसरीचें उपायांत संपलें. सारा फरक एवढ्यांत आला. ह्या कसोटीवर आपल्या शहरांचा अलीकडचा इतिहास घासून पाहिला तर काय दिसतें?

एक उजळ रेषा २०१४ ची आहे. त्या वर्षीं २६ जानेवारीस राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. ९३७ गाड्यांच्या ह्या योजनेचें वैशिष्ट्य असें कीं, प्रत्येक गाडींत चालकाबरोबर डॉक्टर व प्राणवायूची सोय, आणि त्यांपैकीं सुमारे पावपट गाड्यांत कृत्रिम श्वासाचें यंत्रही होतें. मोजणारा हात आणि वांचविणारा हात एकाच वाहनांत बसवून रोग्याच्या दाराशीं पाठविण्याची ही कल्पना होती. दाराशीं पोंचण्यास मात्र शिळफाट्याचा रस्ता आणि घोडबंदरची वाहनांची रांग ओलांडावी लागते, हें आपण सर्वजण जाणतों.

दुसरी रेषा कोविडची. २०२० च्या मार्चमध्यें तोच १८९७ चा कायदा पुन्हां कपाटांतून बाहेर निघाला. ह्या रोगाची एक विचित्र खोड होती: रक्तांतला प्राणवायु धोक्याच्या पातळीखालीं उतरला तरी पुष्कळ रोग्यांना धापच लागत नसे. माणूस फोनवर बोलत असे, चहा पीत असे, आणि संध्याकाळीं कोसळत असे. आजीपणजींच्या शब्दांची ती चढती श्रेणी येथें प्रथमच फसली. तिची जागा घेतली बोटाला लावावयाच्या चिमट्यानें. हा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ सालच्या कल्पनेंतून निघाला. आपल्या शोधावर सारें जग विसंबून असतांनाच, २०२० च्या एप्रिलांत, ते वारले. आमच्या कल्याणच्या इमारतींत आरंभीं असलें एकच यंत्र होतें. तें पुसून पुसून जिन्यावरून वरखालीं फिरे, आणि ‘चौऱ्याण्णव’ हा आंकडा मुलांनाही पाठ झाला होता. सहा मिनिटें चालून पुन्हां आंकडा पाहावा, अशी सूचना सरकारनेंही दिली होती. अमेरिकेंतील एका अभ्यासांत त्याच वर्षीं असें आढळलें कीं, काळ्या वर्णाच्या रोग्यांत हें यंत्र प्राणवायूची उतार ओळखण्यास गोऱ्यांच्या मानानें जवळजवळ तिप्पट वेळां चुकतें. कोणाच्या कातडीवर पारखून यंत्र बनविलें, ह्याला किती महत्त्व असतें तें ह्यावरून कळावें.

तरीही मोजदाद ह्या वेळीं घरोघर पोंचली, हें खरें. आणि उपाय? १७ जून २०२० रोजीं ठाण्यांत बाळकुम येथें १०२४ खाटांचें तात्पुरतें इस्पितळ उघडलें. कल्याण-डोंबिवलींत गल्लीबोळांतले खाजगी डॉक्टर महापालिकेच्या हाकेला ओ देऊन उभे राहिले, आणि ह्या शहराच्या कोविड-कार्यास २०२१ सालीं वाराणसीबरोबर केंद्र सरकारचा पुरस्कार मिळाला. हें सर्व नोंदलें पाहिजे. परंतु त्याच २०२१ च्या एप्रिलांत आपल्या घराघरांतून काय घडत होतें तेंही नोंदलें पाहिजे. बोटावरचा आंकडा नव्वदीच्या खालीं उतरलेला. तो सर्वांना दिसतो आहे. मुलगा फोनवर फोन करतो आहे. आणि खाट कोठेंच नाहीं. राज्यांत दररोज तयार होणारा सुमारे साडेबाराशें टन प्राणवायु पुरेनासा झाला. २१ एप्रिल रोजीं नाशिकच्या महापालिकेच्या इस्पितळांत टांकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला, आणि खाटेवर पडलेले, नळी लावलेले बावीस रोगी गेले. मोजणें आणि वांचविणें ह्यांमधलें अंतर इतकें उघडें, इतकें आंकड्यानिशीं, पूर्वीं कधीं दिसलें नव्हतें. १९१८ सालीं माणसें अज्ञानांत गेलीं. २०२१ सालीं कित्येक माणसें आपला आंकडा वाचीत गेलीं.

त्या दिवसांतील एक दृश्य मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला विसरतां येणार नाहीं. १९ एप्रिलच्या संध्याकाळीं कळंबोलीहून सात रिकाम्या टांकी-मोटारी सपाट डब्यांवर चढवून एक गाडी विशाखापट्टणम् येथील प्राणवायु आणावयास निघाली. घाटांतील बोगदे व विजेच्या तारा यांखालून एवढ्या उंचीचा भार जाण्यासारखा नव्हता. म्हणून तिला घाटाची वाट सोडून वसईचा वळसा घ्यावा लागला. ती दिव्याजवळून, डोंबिवलीच्या कुशींतील कोपरवरून, खाडी ओलांडून भिवंडीकडे जाणाऱ्या लोहमार्गानें गेली. साडेअठराशें किलोमीटरांची ती मजल सुमारे पन्नास तासांत संपली, आणि २४ एप्रिलपर्यंत नागपूर व नाशिक येथें प्राणवायु उतरला. ज्या रुळांनीं १८९७ त प्लेग आणि १९१८ त इन्फ्लुएंझा देशावर नेला, त्याच रुळांच्या जाळ्यानें ह्या वेळीं श्वास वाहून आणला. रूळ निर्दोष असतात. त्यांवरून काय न्यावयाचें हें माणसांनीं ठरवावयाचें असतें. परंतु हाच प्राणवायु जवळच सांठवून ठेविला असता तर त्यासाठीं पूर्व समुद्राच्या कांठापर्यंत जावें लागलें नसतें, हा विचारही त्याबरोबरच येतो.

ह्या इतिहासाचें तात्पर्य मला असें वाटतें. मोजण्याचीं साधनें उत्तरोत्तर स्वस्त होत जातील. उद्यां तीं मनगटावरच्या घड्याळांत येतील, नव्हे, आलींच आहेत. त्यांचा अभिमान धरण्यापूर्वीं आपल्या वस्तीनें स्वतःला एक प्रश्न विचारावा: आंकडा घसरला तर मदतीचा हात किती मिनिटांच्या अंतरावर आहे? आमच्या भोंवतीं रासायनिक कारखाने आहेत, धूळ आहे, दमेकरी मुलें आहेत, एकटीं राहणारीं वृद्ध जोडपीं आहेत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरपाशीं प्राणवायूची लहान नळकांडी आणि वाफ देण्याचें यंत्र असावें, इमारतींतील दोन-चार तरुणांना पिशवीनें श्वास देण्याची विद्या अवगत असावी, रुग्णवाहिकेला वाट मोकळी मिळावी. हीं कामें अवाढव्य इस्पितळें उभारण्याइतकीं डोळ्यांत भरणारीं नाहींत, पण गडचिरोलीच्या अनुभवाचा कौल त्यांच्याच बाजूनें आहे.

आणि घरच्या माणसांसाठीं जुनी विद्या अजून निकामी झालेली नाहीं. धाप लागलेल्याला आडवें पाडूं नये, टेकून बसवावें, हें चरकालाही दिसलें होतें. घड्याळ समोर ठेवून पुरतें एक मिनिट त्याच्या छातीकडे पाहावें. मोठ्या माणसाचे श्वास स्वस्थपणीं बारा ते वीस असतात. ते तिसावर गेले, एक वाक्य एका दमांत पुरें होईना, ओठ निळसर दिसले किंवा माणूस गुंगूं लागला, तर वाट पाहूं नये. श्वास शांत असूनही बोटावरचा आंकडा घसरत असेल तर त्या शांतपणावर विसंबूं नये. १०८ हा आंकडा फिरवावा.

‘ऊर्ध्व लागला’ असें आजही घरांतलें वडीलधारें माणूस म्हणतें. म्हणेना बापडें, त्याची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि बहुधा ती चुकत नाहीं. फक्त ते शब्द कानीं पडतांच आपला हात प्रथम गंगेच्या गडूकडे न जातां फोनकडे जावा.